सायराबीचं वंगण

सायराबीच्या हाताखालून गेलेल्या कापडाला डाग पडत नाही, असं परंड्यातल्या बायका म्हणायच्या. सरळ शिलाई दुसरंही कुणी घालत असेल, पण मशीन जपावी ती सायराबीनंच. नवरा गेला त्या वर्षी तिनं ही हातमशीन घेतली. तेव्हा तिची धाकटी बहीण ताहेरा चार वर्षांची होती. आई नव्हती, म्हणून ताहेरा मशीनच्या खडखडाटातच झोपायला शिकली, आणि पुढं त्याच मशीनवर शिवायलाही.

मशीनच्या दांड्याला दातेरी चाकं असतात. त्यांना लागणारं वंगण सायराबी घरीच करायची. मंद आचेवर एरंडेल तापवायचं, त्यात मधमाशीचं मेण विरघळवायचं आणि गार होईपर्यंत हलवत राहायचं. चरबी ती कधी वापरत नसे. "कुणाचा खण देवीला जातो, कुणाचा देवघरात," ती म्हणायची. "आपल्या हातानं कुणाचा विटाळ नको."

लढाईचं पाचवं साल होतं. कापड कंट्रोलवर मिळत होतं, तेही तहसिलीतली चिठ्ठी असली तर. मथुराबाईच्या लेकीचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं चार चिठ्ठ्या जमवून आणलेलं सगळं कापड सायराबीपुढं ठेवलं.

"ह्यातलं एक वीत वाया गेलं तर दुसरं मिळायचं न्हाय बघ," ती म्हणाली.

"माझ्याकडं दिलंय न्हवं? मग झोपा निवांत."

तिसऱ्या दिवशी जांभळ्या खणाच्या बाहीवर रुपयाएवढा तेलाचा डाग पडला.

सायराबीनं मशीन थांबवली. दांड्याच्या चाकांतून तेलाचा ओघळ उतरून सुईखालच्या पाट्यावर आला होता. तिनं सगळं पुसलं. वंगण जास्त झालं असेल, म्हणून काडीच्या टोकावर मावेल एवढंच लावलं. दुपारी पुन्हा ओघळ आला. मग वाटलं, चैताचं ऊन आहे, वंगण पातळ होत असेल. तिनं डबी रांजणाच्या गार बुडाशी ठेवली. सकाळी उघडली, तर वर दोन बोटं तेल आणि खाली घट्ट गोळा. महिना-दोन महिने डबी तशीच राहिली तर वर थोडं तेल सुटतं, हे तिला माहीत होतं. काडीनं हलवलं की ते परत मिसळतं. हे मात्र हलवल्यावर संध्याकाळपर्यंत पुन्हा फाटलं.

ताहेरा रोज दुपारी हातभार लावायला यायची. तिचं सासर पलीकडच्याच गल्लीत होतं. तिनं डाग बघितला.

"आपा, बुरा मानू नका," ती हळूच म्हणाली. "तापातून उठल्यापासून तुमचा हात कापतोय. तेल जास्त पडतंय तुमच्याकडनं."

सायराबीनं हात उन्हात धरून बघितला. कापत नव्हता. तरी रात्रभर तिला तो कापतोय असंच वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी तिनं वंगणाचा गोळा लोखंडी पळीत घेऊन चुलीवर धरला. मेण असतं तर वितळून सगळं नितळ झालं असतं. इथं तेल वर उकळलं, तळाला काळी खरपुडी धरली आणि घरभर करपलेल्या भाकरीचा वास सुटला. गोळ्यात जवारीचं पीठ होतं.

तापाचे आठ दिवस ती अंथरुणात होती, तेव्हा या खेपेचं वंगण ताहेरानं केलं होतं. सायराबीनं फडताळ उघडलं. मेणाची वडी जागेवर नव्हती.

तरी तिच्या मनात आलं, की पोरीनं मेण चुलीपाशी ठेवलं असेल, सांडलं असेल आणि भीतीनं बोलली नसेल. विचारावं म्हणून ती डबी घेऊन ताहेराच्या घरी गेली. दार उघडंच होतं. ताहेरा पाण्याला गेली होती. कोपऱ्यात गोधडीखाली काहीतरी उंच झाकलेलं होतं. तो आकार आंधळी असती तरी सायराबीनं ओळखला असता. तिनं गोधडी उचलली. नवी हातमशीन. ताहेराचा नवरा आयुब कुर्डुवाडीला माल पोचवायचा. त्यानंच करोडगिरीच्या जकात नाक्यावरून गुपचूप आणली असणार. चाकांत पिवळं, घट्ट, नितळ वंगण होतं. बाजूला मथुराबाईच्या जावेचं कापड बेतून ठेवलं होतं.

सायराबीनं गोधडी होती तशी घातली आणि घरी आली.

डागावर तिनं जवारीचं पीठ दाबून ठेवलं, झटकलं, पुन्हा ठेवलं. पिठानं तेल ओढून घेतलं. मग रिठ्याच्या फेसानं बाही धुतली. जांभळा रंग तेवढ्या जागी किंचित विटला, निरखून बघणाऱ्यालाच दिसेल एवढा. ती खण आणि उरलेल्या कापडाचं गाठोडं घेऊन मथुराबाईकडं गेली, तर ओसरीवर ताहेरा आधीच बसलेली होती.

"डाग पडला म्हणं?" मथुराबाईनं विचारलं.

"पडला, मथुराबाई. काढलाय. वंगणात पीठ होतं."

"पीठ? ते कसं आलं?"

सायराबीनं बहिणीकडं बघितलं. ताहेरा बांगडीवरचं काहीतरी खरवडत होती.

"आपांना हल्ली दिसत न्हाय नीट," ती म्हणाली. "मेण समजून पीठ घातलं आसंल. म्या म्हणलंच हुतं, जरा आराम करा. उरलेलं मी शिवते."

"कशावर शिवशील?" मथुराबाईनं विचारलं.

"आपांच्याच मशिनीवर."

सायराबीनं ओटीतली सुई काढली आणि दोरा ओला केला. ओसरीवर संध्याकाळचा अंधार उतरू लागला होता. एकाच खेपेत तिनं दोरा ओवला, सुई मथुराबाईच्या हातात दिली आणि खाली बघत बसली.

मथुराबाई सुईकडं बघत राहिली, मग ताहेराकडं. तिनं उरलेल्या कापडाचं गाठोडं परत सायराबीपुढं सरकवलं.

घरी येऊन सायराबीनं एरंडेल चुलीवर ठेवलं. दोरा ओढून गुळगुळीत करायला म्हणून पेटीत मेणाचा एक तुकडा होता, तो त्यात टाकला. मागून ताहेरा आली आणि उंबऱ्यात उभी राहिली.

"आपा, मी हलवू का? तुमी दमलाव."

सायराबीनं मशीनचा दांडा काढून पदरात गुंडाळला आणि पळी आपल्या हातात घेतली.

"बस," ती म्हणाली. "पावण्यासारखी बस. चहा टाकते."