आठ नंबरच्या खड्ड्यावर अनवाणी

शमशुद्दीनची चाळण तिरकी असे. किती तिरकी, तर वरून टाकलेलं खत खाली येईपर्यंत माणसाला एक श्वास घेता यावा, एवढी. जास्त उभी केली की खडे आणि खत दोन्ही घरंगळतात. आडवी केली की जाळी बुजते आणि माणूस दुपारच्या आतच कंबर धरून बसतो. शहराबाहेरच्या खत डेपोत तो बारा वर्षं हेच काम करत होता. शहराचा कचरा खड्ड्यात कुजवायचा, पाच-सहा महिन्यांनी उपसायचा, चाळायचा आणि शेतकऱ्यांच्या बैलगाड्या भरून द्यायच्या.

१९७४ च्या दिवाळीआधी गडमुडशिंगीचे नेमगोंडा पाटील आले. त्यांच्या शब्दावर गावच्या वीस गाड्या डेपोत येत. त्या दिवशी ते रिकामी गाडी घेऊनच उभे राहिले आणि पाय वर करून दाखवला. टाचेला फडकं बांधलेलं.

"शमशूभाई, ही तुझ्या खतातली काच. रानात आम्ही पायताण घालून फिरत न्हाय. आता बास. माझी गाडी यायची न्हाय, गावाची बी न्हाय."

"आण्णा, मी चाळूनच देतो की!"

"देतोस, व्हय. पर बारीक काच चाळणीतनं खतासंगटच खाली पडती. त्याला तू तरी काय करणार?"

दोष दिला असता तर शमशुद्दीनला एवढं लागलं नसतं. गाड्या थांबल्या तर चाळणीवरची सहाही माणसं दुसऱ्या कामाला जाणार, हे त्याला ठाऊक होतं. कामाची त्याला लाज नव्हती. पण बारा वर्षांत हातात बसलेला तो तिरकेपणा दुसरीकडं कुठं लावायचा?

"वैशाखापतूर थांबा," तो म्हणाला. "पायताण काढून माझ्या ढिगावर चालायचं. टोचलं, तर ह्या चाळणीची चौकट मीच चुलीत घालतो."

"बोललायस बघ."

"बोललोय की!"

काच कुजल्या कचऱ्यात मिसळली की ती काढणं माणसाच्या हातचं नाही. म्हणजे ती मिसळायच्या आधी, लोकांच्या दारातच धरायला पाहिजे. हे त्यानं आरोग्य निरीक्षक हंबीरराव यांना सांगितलं.

"डोकं बरं चाललंय तुझं," हंबीरराव म्हणाले. "पर ह्या कामाला बजेटात एक ओळ न्हाय. गाडी कुठली? माणूस कुठला?"

दोघांनी बसून जुळणी केली. एकाच पेठेत करून बघायचं. भांडारात चाक निखळलेला एक हातगाडा पडून होता, तो घ्यायचा. सोमवार-गुरुवार सकाळी झाडूवाल्या चिमणाबाईला आरोग्य खात्यानं द्यायचं. गाडा ठेवायला पेठेतल्या तालमीनं जागा द्यायची. काच आणि पत्रा बाबालाल भंगारवाल्याकडं जाणार, त्याच्या पैशातून पोती, वंगण आणि चिमणाबाईचे जादा तास भागवायचे. तीन खात्यांच्या सह्या लागत होत्या. कागदाला पाय नसतात, म्हणून शमशुद्दीनच तो घेऊन फिरला. चाकही त्यानंच बसवलं, दोन रविवार घालून.

पेठेला सवय लागली की तिचा ओला कचरा फक्त आठ नंबरच्या खड्ड्यात जाणार होता.

चिमणाबाईचा आवाज तालमीपासून देवळापर्यंत पोचायचा. "ओलं येगळं, सुकं येगळं! सुकं माझ्या गाड्यात!" पहिले पंधरा दिवस बायका नुसत्या हसल्या. मग डबे, फुटक्या बाटल्या, कंदिलाच्या काचा यायला लागल्या.

एका सोमवारी शमशुद्दीन स्वतः बघायला आला, तर गाड्यात हाडं. मटणाची, चांगली पाटीभर.

"हे कुणी टाकलं गं?"

कोपऱ्यावरची तानाबाई पदर खोचून पुढं आली. "मी टाकलं, आन् समद्या गल्लीनं टाकलं. तुम्हीच वरडताय न्हवं, सुकं गाड्यात म्हणून? ही सुक्क्याचीच हाडं हैत!"

"आणि रश्श्याची?"

"ती ओल्यात टाकली की! आम्हास्नी काय कळत न्हाय व्हय?"

चिमणाबाई गाड्याचा दांडा धरून खाली बसली. हसून हसून तिला उठता येईना. शमशुद्दीनलाही हसू आवरेना, पण काम ते काम. "अहो, हाड खताला चांगलं. सगळी ओल्यातच टाका."

"शमशूभाऊ, गप ऱ्हावा," चिमणाबाई डोळे पुसत म्हणाली. "घसा फोडून एक गोष्ट शिकवलीय. आता उलटं सांगितलं, तर उद्या काचा बी ओल्यात येतील. समदीच हाडं सुक्यात घेते मी."

बोलणं खरं होतं. बाबालाल हाडंही घ्यायचा. ठरलं तर मग. रश्श्याची आणि सुक्क्याची, सगळी हाडं गाड्यात. आठ नंबरचा खड्डा त्यानंतरच भरायला घेतला.

वैशाखात आठ नंबरचा खड्डा उपसला. शमशुद्दीननं खत एकदा चाळलं, पुन्हा चाळलं, आणि ढीग गुडघाभर पसरला. नेमगोंडा पाटील यायच्या आधी तो स्वतः त्यावर अनवाणी चालला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, टाच दाबून. एक टोकदार खापरी लागली. ती त्यानं खिशात घातली आणि पुन्हा पहिल्यापासून चालला.

पाटील आले. पायताण काढून चाळणीजवळ ठेवलं आणि ढिगात शिरले. सगळी माणसं खोरी टेकून बघत होती. पाटील मधोमध थांबले. वाकले. मूठभर खत घेऊन बोटांनी उकरलं, टाकलं, दुसरी मूठ घेतली.

शमशुद्दीन खोरं टाकून पुढं झाला. "टोचलं काय, आण्णा?"

"टोचलं काय न्हाय. शमशूभाई, हाडकं कुठं गेली?"

"हाडकं?"

"दर साली गाडी रानात ओतली की मी आन् माझी बायको विजयमाला पैली हाडकं वेचतो. आमच्या जैनांच्यात ते चालत न्हाय. काचेचं तोंडानं बोललो. हाडाचं कसं बोलू? जो तो जे खातो ते खातो. पर तू न सांगता वळखलंस की रं!"

क्षणभर शमशुद्दीनला गप्प बसावंसं वाटलं. पण न केलेल्या कामाचं नाव त्यानं कधी घेतलं नव्हतं.

"मी न्हाय वळखलं, आण्णा. हे तानाबाईचं काम." आणि त्यानं सुक्क्याची सगळी हकिकत सांगितली.

मटणाला आयुष्यात हात न लावलेले नेमगोंडा पाटील त्या खताच्या ढिगात पोट धरून हसले. "आन् रश्श्याची ओल्यात!" म्हणत ते मटकन खालीच बसले.

गाडी भरली. दांडगी भरली. बैल वळले, तसं शमशुद्दीनचं लक्ष चाळणीकडं गेलं.

"आण्णा! पायताण ऱ्हायलं!"

"ऱ्हाऊ दे की तिथंच!" गाडीवरून आवाज आला. "उद्या सकाळी वीस गाड्या घिऊन यायचंच हाय!"

शमशुद्दीननं ते पायताण झटकून चौकटीवर उन्हात ठेवलं. मग चाळण हातभर पुढं ओढली, तिरकेपणा नजरेनं जोखला आणि खोरं उचललं. वीस गाड्यांना आजचं चाळलेलं पुरणार नव्हतं.