माणिकरावांच्या मेंदूचं वय

जळगाव जामोदच्या माणिकराव हिवराळेंना तुम्ही ओळखत नसाल, तर तुमच्या घरात लग्नाचं पोरगं नाही एवढाच त्याचा अर्थ. सातपुड्याच्या पायथ्यापासून पार रोहिणखेडपर्यंत आमच्या समाजात सोयरीक जुळवायची तर आधी माणिकराव लागतात. कोणाची मावशी कोणाची चुलत नणंद, कोणत्या दोन घरांचं वाजलेलं, कोणाचा मामा कोणाच्या लग्नात ताटावरून उठून गेला, सगळं डोक्यात. कागद नाही, मोबाइल नाही. दरवर्षी विहाराच्या सभागृहात आमचा वधू-वर परिचय मेळावा होतो. तिथला माइक त्यांचाच. पोरगं स्टेजवर चढलं की ते आधी त्याच्या आज्याचं नाव घेतात, मग बापाचं, आणि पोराचं सर्वांत शेवटी, कारण पोरानं अजून केलेलं काहीच नसतं.

माणसात एकच ऐब. वय. पोरगं छत्तीसचं असलं तर माणिकरावांच्या माइकवरून ते बत्तीसचं होऊन उतरतं. मी मेळाव्याच्या समितीवर आहे आणि यावरून दरवर्षी त्यांच्याशी भांडते. ते म्हणतात, "चांगुणा, वय म्हंजे कापूस हाय. दाबला का दबते. एकदा लेकरंबाळं झाल्यावर कोन मोजाले येते?"

मोजायला मशीन येईल, हे बिचाऱ्याला काय ठाऊक.

झालं असं, की मेळाव्याच्या तोंडावर माणिकराव नांदुऱ्याला एक मुलगी पाहायला गेले आणि परत आले ते दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून. उजवी स्वतःची, डावी मुलीच्या मामाची. मामाची चप्पल कोरी होती, म्हणून मला यात विसरभोळेपणापेक्षा हुशारीच जास्त दिसली. पण त्यांचा मुलगा प्रेमानंद घाबरला. तो पुण्याला कंपनीत असतो, सुट्टीवर आला होता, आणि म्हाताऱ्यांच्या विसरण्याच्या आजारावरचे व्हिडिओ मोबाइलवर पाहून बसला होता.

"हुशारी असती त दोन्ही आनल्या असत्या," तो म्हणाला, आणि बापाला गाडीत घालून खामगावला नेऊन मेंदूचा एमआरआय काढून आणला.

त्या सेंटरवर एक नवं कॉम्प्युटरचं काम सुरू झालं होतं. फोटो निघाला की कॉम्प्युटर आपोआप मेंदूचा एकेक भाग मोजतो आणि लाल-हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचा रिपोर्ट छापून देतो. माणिकरावांची पट्टी लाल आली. आठवणी साठवणारा भाग वयाच्या मानानं आकसलेला, त्यांच्या वयाची शंभर निरोगी माणसं उभी केली तर हे शेवटून तिसरे. मागं दुसरं पान होतं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या डोळ्यानं फोटो वाचून लिहिलेलं. ते साधं, काळ्या अक्षरांचं. काळी अक्षरं कोण वाचतो? प्रेमानंदनं रंगीत पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो मावश्यांकडे गेला, मावश्यांकडून मामांकडे, आणि आमच्याकडे बातमी एकदा मामांच्या हाती पडली की तिला पायांची गरज राहत नाही.

दुसऱ्याच दिवशी समितीचे अध्यक्ष धम्मरत्न सर, रिटायर हेडमास्तर, बैठक बोलावून मोकळे.

"माणिकरावांबद्दल आदर आहे," सर म्हणाले. आदर आहे असं कोणी सुरुवातीलाच म्हटलं की समजावं, खुर्ची ओढताहेत. "पण उद्या एखाद्या पोराची सोयरीक त्याच्या सख्ख्या मावसबहिणीशी लावून दिली तर जबाबदार कोण? रोहिणखेडवाल्यांनी ठरलेली सोयरीक थांबवली आहे. यंदा माइक नको. पडद्यावर फोटो दाखवू."

"सर, त्याईचं काही चुकल्याचं एक तरी उदाहरन द्या," मी म्हणाले.

"चप्पल."

माझं डोकं सटकलं. मी टेबलावर हात आपटला, चहाचा कप सरांच्या पांढऱ्या पँटवर गेला, आणि चर्चा तिथंच संपली. निर्णय मात्र कायम राहिला: डॉक्टरकडून लेखी काही आणलं तरच माइक.

मी माणिकरावांकडे गेले. एरवी त्यांच्या ओट्यावर बसायला जागा नसते. त्या दिवशी ओट्यावर ते आणि एक कुत्रं, दोघंही तोंड पाडून. आतून तानाबाई काकू वाटीभर भिजवलेले बदाम घेऊन आल्या.

"खा. अन् सांगा, मी कोन हाय?"

"सकाळपासून चौथ्या डाव इचारून राह्यली ही," माणिकराव मला म्हणाले, आणि बायकोकडे वळून, "तू माही सासू हाय!"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "पाह्य वं चांगुणा. गेला मानूस हातचा."

"काकू, ते चिडून बोलले."

"चिडून कसे बोलतीन? माही माय मेली त्याले जमाना झाला, ते बी इसरले का?"

मी रिपोर्ट मागितला. माझी शाळा सातवीत सुटली. इंग्रजी मी मोर्चांच्या निवेदनांना आलेली सरकारी उत्तरं वाचून शिकले. बोट ठेवून वाचते, पण सोडत नाही. दुसऱ्या पानावर डॉ. नीरजा वझे यांनी लिहिलं होतं, की आजाराची खूण दिसत नाही, मेंदू वयोमानाप्रमाणे वाटतो, आणि पेशंटला प्रत्यक्ष भेटायला घेऊन यावं.

म्हणजे एकाच मेंदूबद्दल एकाच सेंटरची दोन पानं. एक म्हणतं आकसला, दुसरं म्हणतं ठीक आहे. मी म्हटलं, चला. एक तर मशीन खोटं बोलतंय नाही तर बाई. जो कोणी असेल त्याला मी खामगावात उभा करते.

एसटीत काकू आमच्या मधे बसल्या, नवरा उतरून कुठं हरवू नये म्हणून. माणिकराव खिडकीतून नुसतं गाव दिसलं की तिथल्या सोयरिका सांगत सुटले. "या घरची पोरगी मोताळ्याले देल्ली. जावाई चांगला हाय, पन सासू लय खडूस." काकू दर वाक्याला सुस्कारा टाकत होत्या, जणू विझणाऱ्या दिव्याची शेवटची वात पाहताहेत.

सेंटरवर मी आवाज चढवूनच आत गेले. नीरजा मॅडम आमच्यापेक्षा शांत निघाल्या, त्यामुळं मला जरा अडचणच झाली. त्यांनी आम्हा तिघांना पडद्यासमोर बसवलं आणि माणिकरावांचा मेंदू दाखवला.

"हा मी?" माणिकराव पुढं झुकले. "आडवी चिरलेली फुलकोबी दिसून राह्यली."

"सगळ्यांची अशीच दिसते, काका."

"धम्मरत्न सराची बी?"

"त्याईची आतून पोकळ असन," मी म्हणाले. "मॅडम, मले एक सांगा. तुमचं मशीन खरं का तुमी खऱ्या?"

"थांबा, आधी काकांशी बोलू द्या," मॅडम म्हणाल्या. "काका, आज वार कोणता? इथं कसे आलात?"

माणिकरावांनी वार सांगितला, एसटीचा मार्ग सांगितला, कंडक्टरच्या सासऱ्याचं गाव सांगितलं. मग दारावरची पाटी आठवून म्हणाले, "वझे म्हंजे भालचंद्र वझे सराईची पोरगी काय तू? जळगावच्या शाळेत गनित शिकवत. त्याईची बहीन शरयू, तिले अमरावतीले देल्ली होती. देनंघेनं नव्हतं, पन पंगतीत जिलबी कमी पडली म्हनून वराकडचे रुसले होते."

मॅडमचा हात माउसवरच थांबला. "जिलबीचं मलाही माहीत नव्हतं."

"मंग?" मी म्हणाले. "या मानसाची आठवन आकसली म्हनता?"

"मी नाही म्हणत. कॉम्प्युटर म्हणतो. आणि गंमत म्हणजे, त्याचंही मोजमाप चुकलेलं नाही." त्यांनी खुर्ची आमच्याकडे फिरवली. "मी फोटो वाचताना आधी वय बघत नाही. वय आधी कळलं की डोळे त्याच वयाचं शोधायला लागतात. नुसता फोटो पाहून मला वाटलं, सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा मेंदू आहे, छान सांभाळलेला. तसं लिहिलं, मग वर पाहिलं तर वय एकसष्ट, म्हणून शेवटी भेटायला या असं जोडलं. कॉम्प्युटरला फोटो वाचून असं काही वाटत नाही. त्याला सांगितलं एकसष्ट, त्यानं एकसष्टच्या माणसांच्या रांगेत यांना उभं केलं. त्या रांगेत हे मागंच पडणार. आता एक तर काकांना खरंच काही सुरू होतंय, नाही तर..." त्या थांबल्या. "काका, तुमचं वय काय?"



"आधारवर हाय ते," माणिकराव म्हणाले.

"आधारवर एकसष्ट आहे."

"मंग तेच."

"मग कॉम्प्युटर बरोबर. मला काळजी वाटते असं लिहावं लागेल. दर सहा महिन्यांनी तपासणी करावी लागेल."

"अन् माइक?"

"कसला माइक?"

मी मॅडमना मेळाव्याचं सांगितलं. माणिकराव एकदा पडद्यावरच्या फुलकोबीकडे पाहत होते, एकदा शेजारी बसलेल्या तानाबाईंकडे. मग अगदी प्रेमळ आवाजात म्हणाले, "ताना, बाहीर जाऊन मॅडमसाठी चहा सांगून ये बरं."

"मॅडमले चहा मी सांगू? मॅडमच्याच घरी?"

"मंग पानी पिऊन ये."

"मले तहान नाई."

"काका," मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "मी एवढंच विचारते. एकसष्ट, की जास्त?"

माणिकरावांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. आयुष्यभर दुसऱ्यांची वयं ज्या जिभेनं सहज कमी केली, ती आता स्वतःचं वय वाढवायला तयार नव्हती. शेवटी खाली पाहूनच म्हणाले, "बहात्तर."

तानाबाईंना आधी कळलंच नाही. "काय बहात्तर?"

"वय."

"कोनाचं?"

"माह्यं वं! तुह्या बापानं बावीसच्या वरचा पोरगा नाई पाह्यजे म्हनून हट्ट धरला होता. मी होतो बत्तीसचा... नाई, तेहतीसचा. सोयरीक मीच जुळवली, माही मीच. मिशा भादरल्या, बावीस सांगतले अन् आलो. मंग पुढं आधारवाल्यालेबी तेच सांगा लागलं, नाई त घरात कळलं असतं."

आता माझ्याही डोक्यात उजेड पडला. यांचा धाकटा भाऊ एसटीतून रिटायर होऊन कधीचा घरी बसलाय, आणि हे थोरले अजून साठीच्या उंबऱ्यावर! सगळ्या तालुक्याच्या नात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या घरात थोरला धाकट्यापेक्षा लहान, आणि आमच्यापैकी एकालाही दिसलं नाही. मशीनला काय नावं ठेवायची?

मला वाटलं, काकू रडतील. त्या उभ्या राहिल्या, कमरेवर हात.

"तरी मी म्हनो, या मानसाचे गुडघे इतक्या लवकर कसे गेले! दात पडाले लागले तवा मी माह्या भाकरीले दोष देल्ला. भाकर कडक करते म्हनून तुमच्या बहिनीनं मले चार लोकात बोल लावला, अन् तुमी तिथं बसून गप! केस गेले तवा मी तेल बदललं. तीन डाव बदललं! अन् आता बदाम भिजवून राह्यली मी, तुमच्या थोबाडात घालाले!"

"ताना, माइक जाईन ना वं..."

"माइकसाठी सांगतलं! बायकोसाठी नाई सांगतलं, माइकसाठी सांगतलं!"

मॅडमनी तोंड पडद्याकडे फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. त्यांनी वयाच्या जागी बहात्तर टाकलं आणि मोजणी पुन्हा लावली. आम्ही चौघं पाहत बसलो. पट्टी हिरवी आली. बहात्तरच्या रांगेत माणिकराव चांगले मधोमध उभे होते. फोटो तोच, मेंदू तोच.

"म्हंजे दोघंबी खरे," मी म्हणाले. भांडायला आलेल्या माणसाला हे उत्तर फार जड जातं.

"मोजणं त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं," मॅडम म्हणाल्या. "पण काकूंपासून वय कोणी लपवलंय, हे त्याला कुठून कळणार?" आणि मला हवं होतं तसं लेखी दिलं.

परतीच्या एसटीत काकू खिडकीशी बसल्या, मी मधे, माणिकराव कडेला.  नांदुरा सुटल्यावर काकू माझ्यामार्फत बोलल्या. "चांगुणा, या बुढ्याले सांग, माइक घेजा. पन मी स्टेजवर बाजूले बसीन. अन् एकाबी पोराचं वय दाबलं त मी तिथंच उठून याईचं सारं सांगीन."

मेळाव्याच्या दिवशी धम्मरत्न सरांनी ते पत्र दोनदा वाचलं, पँट सांभाळत माझ्यापासून लांब बसले, आणि माइक दिला. माणिकराव उभे राहिले. शेजारच्या खुर्चीवर काकू, हात बांधून.

"जयभीम. मी माणिकराव हिवराळे," ते म्हणाले. खाली बायकोकडे पाहिलं. "वय बहात्तर."

सभागृहात गलका झाला. त्यांचा धाकटा भाऊ तिसऱ्या रांगेतून ओरडला, "शेवटी थोरला झाला बे तू!"

पहिलं पोरगं वर आलं. माणिकरावांनी आज्याचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, पोराचं घेतलं. मग माइक हातानं झाकून पुटपुटले, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं, "खरं सांग बे. नाई त खामगावले नेऊन मशीनमधी घालतो."

पोरानं घाम पुसला. "अडतीस, काका."

त्या दिवशी आमच्या समाजाचं वय एकदम वाढलं. बत्तीसचे पस्तीस झाले, पस्तीसचे चाळीस. एक जण तर हातातली चिठ्ठी पडल्यासारखं करून वाकला आणि मागच्या दारानं निघून गेला. तरी रोहिणखेडवाले येऊन थांबलेली सोयरीक पुन्हा पक्की करून गेले. म्हणाले, जो माणूस बायकोसमोर अकरा वर्षं कबूल करतो, त्याच्यावर आता काय संशय घ्यायचा?

जेवणाच्या पंगतीत मी काकूंच्या शेजारी बसले आणि सहज विचारलं, "काकू, तुमचं खरं वय किती?"

काकूंनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, माणिकराव ऐकत नाहीत ना ते पाहिलं.

"मले काय माइक पाह्यजे काय?"