तात्यांची सही

त्या माणसाचा मला संताप यायचा, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आले. संताप वगैरे काही नव्हता. मी जळत होते.

लासुर्ण्यात आम्ही दोघंच राहायचो, मी आणि माझे वडील, तात्या. आई गेलेली, भाऊ नाही. मी शाळेत शिक्षिका आणि तात्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी पगाराच्या कागदावर अंगठा उठवला. नोकरीच्या शेवटच्या वर्षी मी हट्टाने त्यांना नाव लिहायला शिकवलं, शाळेतली पाटी घरी आणून. वाचणं काही जमलं नाही, पण सही अशी घोटली की दुसरं काही सुचेना. विहाराच्या वर्गणीच्या वहीत सही, दळणाच्या डब्यावर सही, कॅलेंडरवर सही. कुणी शाईचा पॅड पुढे केला की म्हणायचे, "अंगठ्याचं दिस गेलं आता." मग कागद कसलाही असो, सही ठोकून मोकळे.

गावात नुकताच एसटीडी बूथ आला होता, तेव्हाची गोष्ट. इंदापूरहून एम-ऐंशी गाडीवर एक तिशीचा माणूस यायला लागला. म्हाताऱ्यांचा दवाखान्याचा विमा काढतो म्हणाला. तात्यांचा फोटो, रेशनकार्डाची झेरॉक्स, सगळं घेऊन गेला आणि महिन्याभरात प्लास्टिकच्या वेष्टणातलं कार्ड आणून दिलं. तात्या ते सदऱ्याच्या खिशात घालून मिरवायचे. त्यानंतरही काही ना काही कागद घेऊन तो येतच राहिला.

यायचा आणि तासभर बसायचा. तात्यांच्या कारखान्यातल्या गोष्टी, ज्या मला पाठ झाल्या होत्या आणि ज्यांना मी "हां हां" म्हणून उडवून लावायचे, त्या तो तोंडाचा आ करून ऐकायचा. "तात्यासाहेब, ही सही कलेक्टरची म्हणून खपेल," असं एकदा म्हणाला तर तात्या चक्क लाजले. अक्षर गिरवून घेतलं मी, हात धरला मी, आणि लाजायचं ह्याच्यापुढे! निळ्या फुलांचा कप आईच्या वेळचा. तो मला कधी मिळाला नाही, ह्याला पहिल्याच दिवशी मिळाला.

एका रविवारी त्याने फॉर्मांचा गठ्ठा काढला आणि मला म्हणाला, "ताई, तुम्ही शिकलेल्या. एकदा नजर टाका ना." तात्या कौतुकाने त्याच्याकडेच बघत होते. मी म्हटलं, "तुमचं तुम्ही बघा. मला भाकरी थापायच्यात." चुलीपाशी जाताना कागदांवरचे रकाने मला दिसले. कोरे होते.

तो गेल्यावर मी म्हटलं, "तात्या, कोऱ्या कागदावर सही करत जाऊ नका."

"तुला त्येचं चांगलं बगवत न्हाय," तात्या म्हणाले.

ते खरं होतं, म्हणून कागदांचा विषय मी पुन्हा काढला नाही.

पुढच्या वर्षी तात्या दाराच्या उंबऱ्याला ठेचकाळायला लागले. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, लवकर काढा. कार्ड घेऊन आम्ही विम्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी फाइल उघडली आणि आमच्याकडे बघत राहिले.

"ह्यांची दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झालीत की. विम्याचे पैसेही देऊन झालेत."

फाइलमध्ये कुठल्याशा दवाखान्याचे कागद होते आणि प्रत्येकाखाली तात्यांची ती घोटीव सही. साहेब माणूस बरा होता. म्हणाला, "सही माझी नाही असं लिहून द्या, लगेच चौकशी लावतो."

"सही माजीच हाय," तात्या म्हणाले.

"तात्या, गप बसा."

"खोटं कशापायी लिवू? सही माजी हाय. डोळं न्हाय कापलं कुणी. बगा की." आणि टेबलावर वाकून दोन बोटांनी त्यांनी पापणी फाकवली. बुबुळावरचा पांढरा पडदा साहेबांना बसल्या जागी दिसला.

मी फाइल चाळत होते. नातेवाईकाच्या रकान्यात त्या माणसाने स्वतःची सही केली होती आणि पुढे नातं लिहिलं होतं, मुलगा. मी ते मोठ्याने वाचलं. तात्यांना लागावं म्हणूनच वाचलं.

"मुलगा म्हून लिवलं?" तात्यांनी विचारलं, आणि लुबाडले गेल्याचं कळलेल्या त्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हळवं येऊन गेलं. ती फाइल चुलीत घालावीशी वाटली मला.

अर्ज मी तिथेच बाकावर लिहिला, कोऱ्या कागदांवर सह्या घेतल्याचा. फुकटच्या शिबिरात ऑपरेशन करून घेऊ म्हणून मी किती विनवण्या केल्या, पण तात्या ऐकेनात. "डोळं कापलं तर आपल्याकडं पुरावा काय ऱ्हायला?" त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं. चौकशीचा माणूस यायला पावसाळा उलटून गेला. त्याने बॅटरी मारून दोन्ही डोळे बघितले, लिहून घेतलं आणि तात्यांचं नाव मोकळं झालं. तोवर डावा डोळा जास्त पिकून दुखायला लागला होता. तो गेला. डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. मला वाटत होतं, तो डोळा मी त्या रविवारीच घालवला, भाकरी थापायला उठले तेव्हा.

उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी नर्सने फॉर्म दिला. मी भरला आणि तात्यांच्या हातात पेन दिलं. त्यांनी सही केली नाही.

"वाच आदी."

मी पहिल्या ओळीपासून वाचलं. नाव, गाव, वय, कुठला डोळा.

"नातेवाईक कोण लिवलंय?"

"मुलगी."

पेन कागदावर टेकवून ते थांबले.

"परत वाच."

"मुलगी," मी म्हटलं, आणि मग त्यांनी सही केली.