अल्सीडची कबुली

माझा मावसभाऊ अल्सीड प्रेजॉन घरांची छपरं घालायचा. लुइझियानातल्या आमच्या गावात वादळ येऊन गेलं की लोक आधी त्याला शोधायचे, मग विमेवाल्याला. सहा फुटांवर उंची, आणि कुणाची टर उडवल्याशिवाय त्याला घास उतरत नसे.

अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला पकडलं. गहाणवटीच्या दुकानाच्या मालकाला भरदुपारी कुणीतरी गोळी घातली होती, आणि आदल्या आठवड्यात अल्सीडचं त्या माणसाशी एका करवतीवरून भांडण झालं होतं. एवढंच. पुढे कोठडीतला एक भुरटा चोर कोर्टात उभा राहून म्हणाला, "यानं माझ्यापाशी कबूल केलं." ज्यूरीनं जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल दिला. जन्मठेप, आणि आमच्याकडे जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत.

तुरुंगाच्या शेतात त्यानं कापूस वेचला, भेंडी तोडली. त्याची आई, आमची ओझीतमावशी, चर्चच्या बसनं भेटायला जायची. गावात कुणी "बिचारी" म्हटलं की भडकायची. "बिचारी कशाला? माझ्या पोरानं काही केलेलं नाही. बिचारे ते, ज्यांना एवढं करून झोप लागते."

पंचवीस वर्षांनी नदीन नावाच्या वकीलबाईनं त्याचं प्रकरण हाती घेतलं. दुकानासमोरच्या जुन्या लोकांचा माग काढत ती पार ह्यूस्टनला पोचली. तिथे ओरेलाबाई मुलीकडे राहत होत्या. खून झाला तेव्हा त्या समोरच्या कोपऱ्यावर खाण्याची गाडी लावायच्या.

"पळणारा माणूस मी पाहिला की," त्या म्हणाल्या. "बुटका. एका पायानं लंगडत होता. तेव्हाच सांगितलं होतं सरकारी वकिलाला. त्यानं मला कॉफी पाजली आणि म्हणाला, बाई, गरज पडली तर बोलावू."

"मग?"

"मग काय? बोलावलंच नाही. मी इकडे आले. मला वाटलं, लंगडा सापडला असेल."

ही गोष्ट अल्सीडच्या वकिलाला कळवणं कायद्यानं भाग होतं. सरकारी वकिलानं ती दाबली होती. तोवर तो न्यायाधीश होऊन निवृत्तही झाला होता.

नदीननं जुना निकाल रद्द करायचा अर्ज केला. सुनावणीच्या दिवशी ओरेलाबाई जांभळी टोपी घालून, मुलीचा हात धरून कोर्टाबाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. आत नवा सरकारी वकील नदीनपाशी आला. "सदोष मनुष्यवधाची कबुली द्या. भोगली तेवढी शिक्षा पुरे, आज घरी जा. नाहीतर निकाल तुमच्या बाजूनं लागला तरी आम्ही वर अपील करू. मग जाऊ द्या आणखी पाचसहा वर्षं."

ओझीतमावशीच्या मूत्रपिंडांनी त्या उन्हाळ्यात हात टेकले होते. नदीन मला घेऊन अल्सीडकडे गेली.

"आई किती दिवसांची सोबती?" त्यानं मला विचारलं.

"नाताळ पाहिला तर खूप, असं डॉक्टर म्हणतात."

"तिला विचारलं तर काय म्हणेल?"

"नाही म्हण, म्हणेल."

"मग विचारू नकोस."

न्यायाधीशबाईंनी विचारलं, "हा गुन्हा तुम्ही केलात?" त्यानं वळून आईकडे पाहिलं. मग म्हणाला, "हो, बाईसाहेब."

पुढच्या रांगेत माझ्याशेजारी बसलेल्या मावशीनं माझा हात सोडला.

बाहेर नदीननं ओरेलाबाईंना सांगितलं, आता साक्षीची गरज नाही.

"याही खेपेला नाही?" त्या म्हणाल्या.

घरी मावशीनं त्याला जेवायला वाढलं, पण त्याच्याकडे बघितलं नाही. "आई, तुझ्यासाठी केलं गं," तो म्हणाला.

"उशाशी बसायला माणूस नको होतं रे मला. तुझं नाव धुतलेलं बघायचं होतं."

नोव्हेंबरात ती गेली. शेवटपर्यंत तो तिचे पाय चेपत होता, पण त्या दोघांत तो विषय पुन्हा निघाला नाही.

कबुली दिल्यामुळे भरपाई नाही, कुणावर दावा नाही. खुनाचा डाग पाहून एकही ठेकेदार त्याला छपरावर चढू देत नाही. लंगडा माणूस कोण होता हे कुणी शोधलं नाही. पोलिसांच्या लेखी प्रकरण मिटलेलं आहे. पेपरवाल्यानं त्या निवृत्त न्यायाधीशाला गाठलं, तेव्हा तो हसून म्हणाला, "त्यानं स्वतःच कबूल केलंय ना?"

आता अल्सीड माझ्या मागच्या खोलीत राहतो. मध्यंतरी नदीनचा फोन आला होता. राज्यपालांकडे माफीचा अर्ज करून बघू, निदान नाव तरी धुतलं जाईल, म्हणाली. मी त्याला विचारलं.

"आता कुणाला दाखवायचंय?" तो म्हणाला, आणि भांडी घासायला उठला.