मावसाजी आणि संत्र्याचं चिकन

माझ्या मावसाजींना आयुष्यात एकही पदार्थ आवडला नाही, आणि त्यांनी एकही पदार्थ ताटात टाकला नाही. वरणात मीठ कमी, भाजीत तेल जास्त, पोळी एका बाजूने कच्ची, भात चिकट, असं म्हणत म्हणत ते ताट इतकं पुसून घेत की घासायला घेताना मावशीला वाटे, हे मघाशी धुतलं होतं की काय. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला थांबवून बुंदीच्या आकारावर बोलत. मूर्तिजापूरला एका नातेवाइकाच्या तेरवीला गेले असताना त्यांनी आचाऱ्याला बाहेर बोलावलं आणि वांग्याच्या भाजीत धने न भाजताच टाकल्याचं सांगितलं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं होतं ती मंडळी डोळे पुसून भाजी चाखायला लागली. धने खरंच कच्चे होते. त्यानंतर त्या घरी रडणं नीट सुरूच झालं नाही, असं मावशी सांगते.

ते अमरावतीच्या बसस्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. गाड्या पुकारण्यात सारी नोकरी गेली, त्यामुळे घरातही ते पुकारतच बोलत. बडनेरा, मूर्तिजापूर मार्गे अकोल्याला जाणारी गाडी ज्या आवाजात लागायची, त्याच आवाजात जेवताना ऐकू यायचं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. आजच्या आमटीत चिंच विसरण्यात आलेली आहे." मावशी आतून ओरडून सांगे की ज्यांना गाडी पसंत नाही त्यांनी उतरावं. ते उतरत नसत. दुसरी वाटी मागत.

या कुरकुरीचा मावशीला त्रास होत असेल असं मला लहानपणी वाटायचं. पण तिचं त्यावाचून चालत नव्हतं. मावशीचं पहिलं बाळ वाचलं नाही, तेव्हा तिने मांसमच्छी सोडली, ती कायमची. पुढे मूल झालं नाही. मावसाजींना मात्र रविवारी चिकन किंवा मटण लागेच, आणि ते मावशीच करायची, एक थेंबही न चाखता, नुसत्या वासावर आणि रंगावर. रस्सा कसा झाला हे तिला फक्त एकाच माणसाच्या तोंडून कळायचं. "मीठ कमी" म्हटलं की ती पुढच्या रविवारी चिमूटभर वाढवायची, "तिखट चढलं" म्हटलं की हात आवरायची. त्यांची जीभ ही त्या घरात दोघांची मिळून एक होती.

मी अकोल्याची. एमएस्सीला अमरावतीत प्रवेश मिळाला म्हणून मावशीकडे राहायला आले. मला बोलायला वेळ लागतो. शाळा इंग्रजी असल्यामुळे मराठीत चुकण्याची भीती वाटते, आणि इंग्रजी बोलायला घरात कोणी नव्हतं, म्हणून मी बहुतेक गप्पच असे. मावसाजींना ते सोयीचं पडलं. ही पोरगी बोलत नाही म्हणजे नक्की ऐकत असणार, असं धरून ते दिवसभराच्या सगळ्या तक्रारी माझ्यापुढे मांडत. दुधातलं पाणी, शेजाऱ्यांची कुकरची शिट्टी, वर्तमानपत्राचा कागद, माझी चप्पल काढायची पद्धत. जगात एकच वस्तू होती जिच्यात त्यांनी कधी खोट काढली नाही, ती म्हणजे खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून घ्यायचा आणि डाव्या गालात धरून ठेवायचा. तीस-पस्तीस वर्षं तो गाल त्यांनी रिकामा ठेवला नाही.

त्या गालातच ते निघालं. ऑपरेशनमध्ये जबड्याचा तुकडा आणि जिभेची एक कड गेली. मग कॅन्सरवर रेडिएशनचे शेक दिले. नाकातून घातलेली जेवणाची नळी काही दिवसांनी निघाली, पण तोंड जेमतेम चमचा जाईल इतकंच उघडायचं, आणि शब्द आत कुठेतरी घासून बाहेर यायचे. तिखटाचा कण लागला तरी डोळ्यांतून पाणी यायचं. हे सगळं चालून गेलं असतं. पण चव गेली. वासही गेला. कशालाच काही लागत नाही, सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं, एवढं ते एकदा म्हणाले. पूर्वीचे मावसाजी असते तर पुठ्ठा कोणत्या खोक्याचा हेही त्यांनी सांगितलं असतं. आता त्यांनी खोट काढणंच बंद केलं. पुढ्यात येईल ते मुकाट्याने गिळायचे आणि वाटी बाजूला ठेवायचे.

मावशी त्या शांततेने खचली. तिचा हात चुकायला लागला. मीठ टाकलं की नाही हे तिला आठवेना, मग कधी दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही, आणि कोणीच काही म्हणायचं नाही. मी तर नाहीच. रोज जेवताना ती समोर बसून विचारायची, "लागली का चव?" ते मान हलवून नाही म्हणायचे. मग ती म्हणायची, लागेल, डॉक्टर म्हणाले हळूहळू येते.

फेब्रुवारीतल्या तपासणीला मी सोबत गेले होते. डॉक्टरांनी आधी मावशीदेखत सांगितलं की वजन फार उतरलं आहे, अंडी-चिकन पोटात गेलं नाही तर या वेळी नळी थेट पोटाला लावावी लागेल. मग मावशी औषधं घ्यायला खाली गेली, आणि डॉक्टर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले की इतक्या महिन्यांनंतर चव परत येईल असं आता धरून चालू नका. मी हे मराठीत कसं सांगावं ते शोधत राहिले. मावसाजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यांना शोधलेल्या शब्दांची गरज पडली नाही. जिन्यात त्यांनी मला थांबवलं.

"तुह्या मावशीले नको सांगू," ते म्हणाले. "थे रोज पुसते. पुसू दे तिले."

तिखटाशिवाय चिकन करायचं कसं, हा मावशीपुढचा प्रश्न होता. तिने पांढरं, पाणीदार काहीतरी करून पाहिलं, ते मावसाजींनी दोन चमचे घेऊन बाजूला सारलं. त्याच आठवड्यात मी एकदा बाहेरून ऑरेंज चिकन मागवलं होतं आणि खोलीचं दार लोटून खात होते. मावशी कपडे ठेवायला आत आली. हे काय, म्हणून विचारलं. मी म्हटलं, चायनीज आहे, चिकन तळून संत्र्याच्या रसात घोळवतात, तिखट नसतं, गोडसर लागतं. ती डब्याकडे बराच वेळ बघत उभी राहिली.

"संत्र्यात चिकन," ती म्हणाली. "कोन्या येड्याच्या डोक्यात आलं असन हे?"

पण दुसऱ्या दिवशी तिनेच विषय काढला. चांदूर बाजारहून मावसाजींच्या चुलतभावाच्या बगिच्यातला मृग बहराचा संत्रा गोणीभर येऊन पडला होता आणि आम्ही दोघी तो खाऊन संपवू शकत नव्हतो. तोंडाला झोंबेल का, हे तिने मला डॉक्टरांना फोन करून विचारायला लावलं. शिजवून, गोड करून, थोडंसं देऊन पाहा, असं उत्तर आलं.

रविवारी मी फोन डाळीच्या डब्याला टेकवून व्हिडिओ लावला. त्यातली बाई कॉर्नफ्लोर म्हणाली तेव्हा मावशीने गिरणीतून दळून आणलेलं पिवळं मक्याचं पीठ काढलं, आणि ते नव्हे, पांढरं असतं, हे तिला पटवून मी दुकानात जाऊन येईपर्यंत अर्धं चिकन पिवळं होऊन बसलं होतं. व्हिनेगर घरात नव्हतं, लिंबू पिळलं. साखरेऐवजी तिने गूळ घातला. सालीचा वरवरचा कीस घ्यायचा होता, पण आपल्या संत्र्याची साल आत फळाला धरूनच नसते, किसणीवर ती फडक्यासारखी फाटत गेली. रस मात्र मावशीने हाताने पिळला, दोनदा गाळला आणि चमचाभर चाखून बघितला. मिरची टाकायला तिचा हात सवयीने डब्यात गेला, तो तिनेच मागे घेतला. मावसाजी स्वयंपाकघराच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, हनुवटीला नॅपकीन धरून बसले होते. तेल, पीठ, कढई, सगळं बघत होते आणि काहीच म्हणत नव्हते. दुसऱ्याच गावच्या स्टँडवर गाडीची वाट बघत बसल्यासारखे.

घट्ट झालेल्या रसात तुकडे घोळवल्यावर मावशीने एक माझ्या हातावर ठेवला. तिला चाखता येत नव्हतं, म्हणून मी. ते चांगलं झालं होतं. बाहेरून मागवलेल्यापेक्षा चांगलं. गुळाचा गोडवा आधी, मग हलका आंबटपणा, आणि शेवटी सालीचा वास. छान झालंय, असं मी मावसाजींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. माझ्या मानाने ते भाषणच होतं.

मावशीने वाटीत तुकडे चमच्याने कुस्करून मऊ केले आणि समोर बसली. मावसाजींनी एक घास घेतला. बराच वेळ तो तोंडात फिरवला. मावशीने नेहमीचा प्रश्न विचारला नाही, नुसती बघत राहिली. तिने सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. मावसाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घास गिळला.

"कडू," ते म्हणाले.

"काय?"

"कडू झालं. बिया रगडल्या तू रसात."

"एक बी नोयती," मावशी म्हणाली. "दोनदा गाळला. चाखला बी मी, साखरेवानी होता."

"कच्चा गोडच लागते. उकळला की कडू होते संत्रा. एवढंबी मालूम नाही?"

मावशी माझ्याकडे वळली. "खरंच कडू हाय का वं?"

मावसाजी वाटीत बघत होते. माझ्या जिभेवर अजून गुळाची चव होती.

"थोडं," मी म्हटलं.

मावशी भांडायला लागली. इतके महिने काही लागत नव्हतं, आणि लागलं तर लागलं कडूच. माणसाने सुरुवात तरी गोडापासून करावी. तिचे डोळे वाहत होते आणि ती पदराने पुसत, कढई आपटत, संत्र्याला, चुलतभावाला, व्हिडिओतल्या बाईला नावं ठेवत होती. मावसाजी प्रत्येक घासाला "कडू" म्हणत होते. त्यांनी वाटी संपवली. दुसरी घेतली.

दुसऱ्या दिवशी मी गच्चीवर अभ्यास करत होते, तिथे ते धापा टाकत आले आणि कठड्याला टेकले.

"'थोडं' म्हनलीस थे बरं केलं," ते म्हणाले. "एकदम 'हो' म्हनली असती त तिनं पकडलं असतं."

कोणाच्याही कोणत्याही कामाबद्दल त्यांनी काढलेले हे मी ऐकलेले एवढेच बरे उद्गार.

पण एकदा चव आली म्हटल्यावर ती रोज यावी लागते. मग आमचं ठरलं. जेवायला मी आधी बसायचं, पहिला घास मी घ्यायचा. मीठ कमी असेल तर कानाला हात, जास्त असेल तर चष्मा वर, आंबट असेल तर वेणी पुढे. मावसाजी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायचे आणि जाहीर करायचे. एकदा मला खरंच खाज आली म्हणून मी कान खाजवला, आणि त्यांनी शेवयांच्या खिरीत मीठ कमी असल्याचं सांगितलं. मावशी म्हणाली, असू द्या, जीभ आता कुठं ठिकाणावर येऊन राहिली. तिचा हात पुन्हा बसला. वरण वरणासारखं लागायला लागलं. दर रविवारी संत्र्याचं चिकन व्हायचं, दर रविवारी त्यात काहीतरी चुकलेलं असायचं, आणि मावसाजींचं वजन उतरायचं थांबलं. नळीचं नाव निघेनासं झालं.

एप्रिलमध्ये मानेला गाठ लागली. नागपूरला नेऊन आणलं. घरी आल्यावर मावशीने कणीक मळायला घेतली आणि ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त वेळ मळत राहिली. पावसाळा त्यांनी पूर्ण पाहिला नाही, हे इथेच सांगून टाकते. मला सांगायचा आहे तो मे महिन्यातला रविवार.

त्या दिवशी मी लायब्ररीतून उशिरा आले. पानं वाढलेली होती. मावशीने मला स्वयंपाकघरात ओढलं. गाठ सापडल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, ती हसत होती.

"बाजारात संत्रा नाही," ती हळूच म्हणाली. "कैरी किसून टाकली, हळदीनं रंग आनला. त्यायले सांगू नको. पाहू, कितव्या घासाले पकडतात."

मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले तेव्हा मावसाजींनी पहिला घास घेतलेला होता. त्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. माझे दोन्ही हात तांब्यावर होते. ते मोकळे असते तरी उपयोग नव्हता, कारण यात संत्राच नाही याची आमच्याकडे खूण नव्हती. मावशी गुडघ्यावर हनुवटी टेकून, ओठ दाबून त्यांच्या तोंडाकडे बघत बसली होती. मावसाजींनी विचार केला. मग मान हलवली आणि जितकं स्पष्ट बोलता येईल तितकं स्पष्ट बोलले.

"आज संत्रा जास्त झाला."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. तिला जे कळायचं ते तेवढ्यात कळलं असावं, फेब्रुवारीपासूनचं सगळं. थोड्या वेळाने तिने पदराचं टोक घेतलं, मावसाजींच्या हनुवटीवर ओघळलेला रस टिपला आणि पळी उचलली.

"हो," ती म्हणाली. "जास्तच पडला. हात सैल झाला माहा."

"पुढच्या खेपेले कमी टाक."

"कमी टाकीन."

मावसाजींनी वाटी पुढे केली. चांदूर बाजारच्या झाडांवरची नव्या बहराची फळं तेव्हा जेमतेम सुपारीएवढी झाली होती. ती पिवळी व्हायला दिवाळी उजाडते.