पाचपट मार्जिन

आमचे भावजी शिंपी. अख्खा रस्ता त्यांना मास्तर म्हणतो, मी मेव्हणी असल्यामुळे तोंडाला येईल ते म्हणते. दुकान एका खोलीचं: पुढे कापायचं टेबल, मागे शिलाई मशीन. भावजी कापतात, ताई शिवते. मशीन पायाचं आणि ताईचा गुडघा कामातून गेलेला. डॉक्टरांनी पाय मारणं बंद करायला सांगितलं, म्हणून मशीनला मोटार बसवायचं ठरलं. पैसे साठता साठेनात. तेव्हा भावजींच्या डोक्यात शेअर शिरले.

"एवढ्याशा पैशात सुरू करता येतं," ते म्हणाले. "फक्त ॲप कुठलं घ्यायचं तेवढं ठरू दे."

तेवढंच ठरेना. माप द्यायला येईल त्या गिऱ्हाइकाला भावजी गळ्यात टेप अडकवून विचारायचे. औषधाच्या दुकानवाला म्हणाला, खातं फुकट उघडून देणारं घ्या. बँकेतल्या बाई म्हणाल्या, फुकट उघडतात आणि वर्षाला कापतात, ते आधी बघा. आणखी एकाचं म्हणणं, दर व्यवहाराला ठरावीक पैसे जातात, तुमच्या चिमूटभर रकमेला ते झेपणार नाही. एका ॲपवर लिहिलेलं, डिलिव्हरीला चार्ज नाही.

"म्हणजे शेअर घरपोच येतात?" भावजींनी मला विचारलं. मी खो-खो हसले, पण उत्तर मलाही येत नव्हतं. फोनवर चार ॲप झाली आणि डोक्याचा पार भुगा झाला. त्या नादात त्यांनी एका शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या.

मग एके दिवशी त्यांचा चेहरा उजळला. "सापडलं! हे पाचपट मार्जिन देतंय."

आता शिंप्याच्या भाषेत मार्जिन म्हणजे माया. शिवणीच्या आत जादा कापड दाबून ठेवायचं, उद्या अंग सुटलं तर उसवून सैल करता येतं. भावजींना वाटलं, हे लोक पाचपट माया सोडतात, म्हणजे चुकलं तरी सावरायला भरपूर जागा. "नवख्या माणसाला असंच हवं," म्हणाले आणि मोटारीचे सगळे पैसे त्यात घालून बसले.

शेअर थोडा उतरला. भावजी निवांत कापत होते, माया होती ना! दुपारी बघतात तर शेअर गायब आणि पैसे निम्मे.

"मी विकलेच नाहीत. मग विकले कुणी?"

बँकेतल्या बाईंनी समजावलं. ते मार्जिन म्हणजे उसने पैसे. त्यावर पाचपट माल घेतला, म्हणून तोटाही पाचपट, आणि असा उसना माल त्याच दिवशी, बाजार बंद व्हायच्या आधी, ॲप आपलं आपण विकून मोकळं होतं. भावजी मान हलवत राहिले. "पण मार्जिन दिलं होतं त्यांनी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. मला त्यांचा संतापही आला आणि कीवही.

संध्याकाळी त्यांनी ताईला सांगितलं. ती भांडेल म्हणून मी मुद्दाम थांबले होते. ती भांडली नाही. दोन्ही हातांनी गुडघा धरून तिने पाय पेडलवर ठेवला.

"ऊठ," भावजी म्हणाले. "मी शिवतो."

"आणि कापणार कोण?"

भावजींनी हातातल्या कात्रीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"सरका जरा, उजेड अडतोय," ताई म्हणाली आणि पाय मारायला लागली.