जावयाचा दगड

माझा जावई कॉम्प्युटरवर काम करतो आणि सुट्टीच्या दिवशी सुऱ्यांना धार लावतो. छंद म्हणून. ट्यूबलाइटचा स्टार्टर बदलायला ज्याला इलेक्ट्रिशियन लागतो, त्याच्याकडून मी तीन वर्षं धारेवरची प्रवचनं ऐकली. जावई पडला, बोलणार काय? मी रबाळ्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. निवृत्त झाल्यावर घरात माझं मत विचारलं जायचं ते फक्त सुरी, विळी आणि कात्री यांच्याबाबत. तेवढाच मान उरला होता, आणि तो मी या गृहस्थाला देणार नव्हतो.

गेल्या उन्हाळ्यात तो आणि माझी मुलगी आठ दिवस बाहेरगावी निघाली, तेव्हा तो आपला नवा दगड माझ्याकडे ठेवून गेला. वापरून बघा म्हणाला. दगड कसला, भुकटी दाबून केलेली पिवळट वडी, अंगाच्या साबणासारखी. मी सवयीने ती बोटांवर तोलून नखाने टिचकी मारली. ग्राइंडिंगची चाकं आम्ही अशीच तपासायचो. अखंड असेल तर खणखणीत वाजतं, तडा असेल तर आवाज बद्द येतो. वडी छान वाजली, आम्ही दोघांनीही ऐकलं. मग त्याने खिशातून चिठ्ठी काढली. भिजत ठेवू नये, वरून पाणी शिंपडावं, काम झाल्यावर पुसून सावलीत वाळवावा. मला चिठ्ठी! दोघं निघाल्याबरोबर मी ती चिठ्ठी रद्दीत टाकली.

त्याचा जुना तांबडा दगड तो कायम पाण्यात ठेवायचा, हे मी पाहिलं होतं. मग याचेच एवढे लाड कशाला? मी वडी बादलीत टाकली आणि दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही. पाणी दुधाळ झालं होतं. त्याचंही मला हसू आलं. म्हटलं, विरघळणारा दगड विकत घेणारा हुशार माणूस आमच्याच नशिबी यायचा होता. चार सुऱ्या घासल्या आणि वडी खिडकीच्या ग्रिलमध्ये भर उन्हात वाळत ठेवली. दुपारी चहाच्या वेळी बघतो, तर एका कडेपासून मध्यापर्यंत केसाएवढी रेघ. टिचकी मारली. बद्द.

मला आधी रागच आला, त्या वडीचा. मग जावई परत येईपर्यंत मी वाक्यं जुळवत बसलो. माल हलका आहे, आमच्या वेळचे तेलाचे दगड बघा, वगैरे. चूक झाली हे वाक्य काही त्यात बसेना.

तो आला, रेघ त्याने लगेच पाहिली. टिचकीही मारली. मी तोंड उघडणार तोच म्हणाला, "आधीचाच असेल, बाबा. माझ्याच हातून एकदा पडला होता. टेन्शन घेऊ नका."

धडधडीत खोटं. मुलीने मान खाली घातली. त्याने रेघेत पातळ गोंद सोडला, पाणी शिरू नये म्हणून बाजूंना मुलीचं नेलपॉलिश फासलं आणि तळाला लाकडी फळी चिकटवायला घेतली. आमच्याकडे तडा गेलेलं चाक कोणी चुकून लावू नये म्हणून हातोडीने फोडून टाकायचे, आणि इथे नेलपॉलिश! पण फळी वाकडी बसत होती, ते मला बघवेना. मी हात पुढे केला. म्हटलं, द्या इकडे.

"राहू द्या बाबा, मी बघतो," तो म्हणाला. अगदी प्रेमाने.

टूलरूममध्ये मी कोणालाही सोडलं नाही. एक चाक फुटलं की अख्खं खातं ऐकेल असा ओरडायचो. ओरडलो नाही ते फक्त निवृत्तीला टेकलेल्या, हात थरथरू लागलेल्या दोघा-तिघांवर. त्यांच्या हातातलं काम काढून घेताना मी हेच म्हणायचो, आणि याच आवाजात.